'आये जेवणा नाय' हे उत्तर चुकलेलं नव्हतं : शाळेत भावनांचे तास आखणाऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार,

आमच्या जिल्ह्यातल्या शाळांमध्ये मुलांच्या भावनिक आरोग्याचे तास कसे घ्यायचे, चार्ट कुठले लावायचे, फॉर्ममध्ये कुठले रकाने ठेवायचे हे जे कोणी ठरवता त्या सगळ्यांना हे पत्र आहे. अधिकारी असाल, तज्ज्ञ असाल, ट्रेनिंगला येणारे ताई-दादा असाल, सगळ्यांनाच. मी मालवण तालुक्यात किनाऱ्यावरच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते, एकोणीस वर्षं झाली. तुम्ही येताय याचा मला मनापासून आनंद आहे, मी नोकरीला लागले तेव्हा पोरांच्या मनाबद्दल बोलायला कोणी शाळेत येईल असं कोणाच्या डोक्यातही नव्हतं, पोरगं गप्प बसलं की ते हुशार आणि रडलं की ते लाडावलेलं, एवढंच माहीत होतं आम्हाला. पण मागच्या सप्टेंबरातली एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिलीय आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

त्या दिवशी तुमच्यातल्या एक ताई तास घ्यायला आल्या होत्या. चांगल्या होत्या, पोरांबरोबर खाली सतरंजीवर बसल्या, आवाज चढवला नाही. भिंतीवर लॅमिनेट केलेला चार्ट लावला, त्यावर सहा पिवळी गोल तोंडं, आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य, किळस. प्रत्येक पोराच्या हातात नाव लिहिलेला कपड्यांचा चिमटा दिला आणि म्हणाल्या आज तुला जसं वाटतंय त्या तोंडाला आपला चिमटा लाव. पोरं धावली, पहिल्याने आनंदाला लावला म्हणून मागच्या दहा जणांनी पण आनंदालाच लावला. तिसरीतला एक मुलगा मात्र चिमटा हातात घेऊन उघडझाप करत उभाच राहिला, बराच वेळ, आणि शेवटी त्याने तो चार्ट ज्या सुतळीने बांधला होता त्या सुतळीलाच लावला.

ताई म्हणाल्या, असं नाही बाळा, एक तोंड निवड, तुला काय वाटतंय?

तो म्हणाला, "आये जेवणा नाय." म्हणजे आई जेवत नाहीये.

आईचं नको, तुझं सांग.

"बाबा दर्यात गेले हत."

ही झाली घटना, आता भावना सांग.

मग तो काहीच बोलला नाही. पायाच्या अंगठ्याने सतरंजीचा एक निघालेला दोरा ओढत बसला. संध्याकाळी ताईंनी फॉर्म भरले त्यात त्याच्या नावापुढे लिहिलं होतं, 'स्वतःच्या भावना ओळखण्यात व व्यक्त करण्यात अडचण'.

आता मला काय माहीत होतं आणि ताईंना काय माहीत नव्हतं ते सांगते. दोन दिवस वारा सुटला होता, बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला होता, आणि त्याच्या बाबांची बोट बावटा लागायच्या आधीच बाहेर गेली होती. फोन लागत नव्हता. त्याची आई चुलीवर भात ठेवायची आणि झाकून ठेवायची. मधल्या सुट्टीत त्याने आपली खिचडी शेजारच्याला दिली होती हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणजे भीती, काळजी, आईसाठी तुटणारा जीव, स्वतःच्या पोटात पडलेला खड्डा, सगळं त्या तीन शब्दांत होतं, आये जेवणा नाय, ह्याहून नेमकं मला या वयात पण सांगता येणार नाही. आणि मी तिथे दारात उभी होते आणि तोंड उघडलं नाही, ट्रेनिंगमध्ये मधे बोलू नये म्हणून. ते मला जास्त लागलंय.

त्यानंतर ही सहा तोंडं आली कुठून ते मी शोधायला लागले, रात्री जेवणं आटपली की मोबाईलवर मिळेल ते वाचायचे, समजलं नाही की परत वाचायचे. पॉल एकमन म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ, ते १९६०च्या दशकाच्या शेवटी पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात फोरे लोकांकडे चेहऱ्यांचे फोटो घेऊन गेले, जगात सगळीकडची माणसं हेच चेहरे ओळखतात का ते बघायला, आणि त्यातून ही सहाची यादी जगभर पसरली. पण त्यांनी विचारलं कसं ते बघा. नुसता फोटो पुढे धरून याला काय वाटतंय असं नाही विचारलं, आधी एका ओळीची गोष्ट सांगितली, की याचे मित्र आलेत आणि हा खूश आहे, याचं मूल गेलंय आणि याला फार वाईट वाटतंय, आता यातला त्याचा चेहरा कुठला ते दाखव. मित्र आले, मूल गेलं! म्हणजे तिथे सुद्धा चेहऱ्यापर्यंत जायची वाट माणसामाणसातूनच गेली होती. आणि एवढं करूनही भीतीचा चेहरा आश्चर्याच्या चेहऱ्यापासून वेगळा काढणं फोरे लोकांना जमलं नाही. मग आमच्या तिसरीतल्या पोराला कुठलीच गोष्ट न सांगता आणि त्याने सांगितलेली गोष्ट न ऐकता एक तोंड निवड म्हणणं बरोबर आहे का?

अजून एक वाचलं ते तर मला त्या पोराचाच फोटो वाटलं. २००८ साली ताकाहिको मासुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानी आणि अमेरिकन लोकांना एक चित्र दाखवलं, मधे एक माणूस आणि मागे चौघं, आणि विचारलं मधल्याला काय वाटतंय. मागच्या चौघांची तोंडं बदलली की जपानी लोकांचं मधल्याबद्दलचं उत्तर पण बदलायचं, मधल्याचं तोंड तेच असलं तरी, अमेरिकन लोकांचं तसं फारसं होत नव्हतं. यात चूक कोणीच नाही, एकाला माणूस एकटा दिसतो, एकाला माणसांत दिसतो, लहानपणापासून जसं बघायला शिकवलं तसं. आमच्याकडे पोरगं शाळेत नवीन आलं की म्हातारी माणसं नाव नंतर विचारतात, आधी विचारतात "खयच्या वाडीतलो? कोणाचो तू?" त्या पोराला पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंच होतं, त्याने आपल्या मागचे चौघं दाखवले, न जेवणारी आई, दर्यातले बाबा, बावटा, न लागणारा फोन.

आणि लाज? ती तुमच्या चार्टवर कुठे आहे? आमच्या शाळेत दिवसभर सगळ्यात जास्त दिसणारी भावना कुठली असेल तर ती लाज आणि भीड, पाहुणे आले की दारामागे लपणं, चुकून भलतंच बोलून गेलं की पटकन जीभ दातात धरणं. भुवनेश्वरला उषा मेनन आणि रिचर्ड श्वेडर यांनी जीभ बाहेर काढलेल्या कालीचं चित्र दाखवून तिथल्या लोकांना विचारलं होतं, तर अनेकांनी सांगितलं की ही लज्जा आहे, नवऱ्याच्या अंगावर पाय पडला हे लक्षात आलं म्हणून तिने जीभ चावलीय. ते चित्र ज्याला आपली माणसं माहीत नाहीत तो बघेल तर राग म्हणेल, नाहीतर घाबरून दोन पावलं मागे सरेल. खोलीत एकटंच माणूस असेल तर ते लाजणार कोणाला, लाजायला समोर कोणीतरी लागतं ना!

हे आपल्याला नवीन पण नाही हो. नाट्यशास्त्रात आठ स्थायीभाव म्हणजे टिकून राहणारे आणि तेहेतीस व्यभिचारी भाव म्हणजे येऊन जाणारे सांगितलेत, त्यात चिंता आहे, शंका आहे, असूया आहे, औत्सुक्य आहे, लाजेसाठी व्रीडा आहे, अगदी श्रम म्हणजे थकवा सुद्धा भावांत धरलाय. आणि रस निर्माण व्हायला भावाबरोबर विभाव लागतो, म्हणजे कोणामुळे, कशामुळे, कुठल्या प्रसंगात. आमच्याकडे दशावतारात कलाकाराच्या हातात लिहिलेले संवाद नसतात, राजा आणि राणी आयत्या वेळी एकमेकांच्या बोलण्यावर बोलत जातात, आणि जत्रेत पहाटे तीन वाजता घोंगडी पांघरून बसलेली बायामाणसं रडतात ती तोंड बघून नाही रडत, रंगवलेलं तोंड तर लांबून धड दिसत पण नाही, ती रडतात कारण राजाच्या हातून पोर सुटलंय हे त्यांना कळलेलं असतं.

माझ्या वडिलांचं सांगते. मी डी.एड.ला घरापासून लांब होते, सुट्टी संपली की बाबा मला एसटी स्टँडवर सोडायला यायचे. त्यांनी कधी डोक्यावरून हात फिरवला नाही की नीट राहा म्हणाले नाहीत. पण दर वेळी, म्हणजे अगदी दर वेळी, ते तिथे कोणाशी तरी भांडायचे. बॅग वर ठेवण्यावरून कंडक्टरशी, खिडकीची काच वर होत नाही म्हणून ड्रायव्हरशी, एकदा तर फुकट, गाडी सात मिनिटं लवकर का लागली म्हणून. मला इतकी लाज वाटायची. आई घरी दारात उभी राहून सांगायची, "आज तुझ्या बापाशीक कोणाकडे तरी भांडूक होया." तिला सगळं कळत होतं. मग गाडी सुटताना खिडकीतून सोलांची आणि कुळथाच्या पिठाची पिशवी आत सरकवायची आणि "पोचल्यार फोन कर" एवढं म्हणून मागे न बघता चालायला लागायचं. तुमच्या चार्टवर माझ्या बाबांचा चिमटा रागाला लागला असता. परवा माझी मुलगी पुण्याला गेली तेव्हा कुडाळ स्टेशनवर मी डबा मागे का लागतोय म्हणून तिथल्या हमालावर ओरडले आणि ओरडता ओरडताच मला बाबा आठवले, मग पुढचं काही बोलता आलं नाही.

तुमच्या पीपीटीत एक पान होतं, मुलांना रोज मिठी मारा, आय लव्ह यू म्हणा. म्हणू दे ज्यांना म्हणायचं त्यांना, वाईट काहीच नाही त्यात. पण आमच्याकडच्या एखाद्या आजीने नातवाला "मेल्या, खय होतंस इतके दिवस" म्हटलं तर ती शिवी म्हणून लिहू नका. आणि जेवलंस काय हा प्रश्न जेवणाचा नसतो हे तुमच्या नवीन ट्रेनर लोकांना पहिल्याच दिवशी सांगा.

आता दुसरी बाजू पण सांगते कारण आमचं सगळं सोन्याचं आहे असं म्हणायला मी हे लिहीत नाहीये. आमच्या वाडीत एक सून आहे, नवरा मुंबईला, गणपतीला आणि मे महिन्यात येतो. दोन वर्षांपूर्वी ती हळूहळू खंगत गेली, अंगात त्राण नाही, डोकं जड, रात्री झोप नाही, न्हायला पण उठायची नाही. घरच्यांनी कौल लावला, कोणी म्हणालं बाहेरचं आहे, उतारे झाले, सगळं झालं. ती उदास आहे असं कोणीच म्हणालं नाही, मी पण नाही. आमच्याकडे सुनेला ताप येऊ शकतो, पित्त होऊ शकतं, बाधा होऊ शकते, पण घरात सगळं असताना वाईट वाटू शकत नाही, ते वाटलं तर सासरला कमीपणा. रॉबर्ट लेव्ही नावाच्या अभ्यासकांनी ताहिती बेटांबद्दल १९७३ साली हेच लिहिलं, की जवळचं माणूस दूर गेलं, बाहेरून बघणाऱ्याला सरळ दिसतंय की हा दुःखी आहे, पण तो स्वतः सांगतो मला बरं नाही, अंग जड झालंय, कारण त्या भाषेत त्या दुःखाला धड जागाच नव्हती. वाचताना मला ती सून दिसत होती. शेवटी तिला डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी डिप्रेशन म्हटलं, गोळ्या दिल्या, आणि त्या एका शब्दाने घरातल्यांना कळलं की ही आळस करत नाहीये. गोळ्यांनी गुण आला, आणि नवरा दोन महिने येऊन राहिला त्याने पण आला, कशाने किती ते मला सांगता येणार नाही.

म्हणून तुमची गरज आहे. आमच्या पोरग्यांना "बायल्यासारखा रडतंस काय" असं अजून सर्रास ऐकावं लागतं, तिथे तुमचा शब्द आमच्यापेक्षा जास्त चालतो. टेली मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर, जो २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाला आणि ज्याच्यावर मराठीत बोलता येतं, तो मी शाळेच्या व्हरांड्यात मोठ्या अक्षरात लिहून लावलाय, बऱ्याच आयांनी तो फोनमध्ये टाकून घेतलाय हे मला माहीत आहे. तुम्ही येऊच नका असं मी कधीच म्हणणार नाही. या, पण आम्ही जे बोलतो ते भाषांतर करून टाकून देऊ नका.

मी गेल्या वर्षी एक करून बघितलं ते सांगते, पटलं तर घ्या. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात तुम्हाला माहीतच असेल, ज्याचं दुःख असतं तो हात जोडून गप्प उभा असतो, त्याचं दुःख दुसराच कोणीतरी मोठ्याने देवापुढे मांडतो, आणि जमलेली सगळी माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. लहानपणी मला ते नुसतं गमतीचं वाटायचं, आता वाटतं काय डोकं असेल ते ज्याने कोणी हे लावलं त्याचं, ज्याला बोलवत नाही त्याला बोलायला लावायचं नाही, पण त्याचं बोललं गेलंच पाहिजे आणि सगळ्यांनी ऐकलंच पाहिजे. तर दर शुक्रवारी शेवटच्या तासाला आम्ही वर्गात गाऱ्हाणं घालतो. देवाचं नाही, एकमेकांचं. कोणाचं काही असेल तर ते आपल्या दोस्ताच्या कानात सांगायचं, दोस्ताने उभं राहून मांडायचं, सांगायचं नसेल तर नाही सांगायचं. पहिल्या शुक्रवारी एक दुसरीतली मुलगी उठली आणि शेजारणीकडे हात करून म्हणाली, "बा म्हाराजा, हिचो बोको चार दिस झाले घराक येवक नाय, तो खय आसात थयसून येवंदे रे म्हाराजा," आणि सगळा वर्ग इतक्या जोरात व्हय म्हाराजा म्हणाला की शेजारच्या वर्गातले गुरुजी बघायला आले. जिचा बोका होता ती रडायला लागली, चार दिवसांनी पहिल्यांदा. मग कोणाचा दादा मुंबईक गेला, कोणाच्या घरात आजा खाटल्यावर, कोणाचे आईबाबा रात्री भांडतात, हे पण यायला लागलं. हे शेवटचं, घरातल्या भांडणाचं, वर्गात मांडायचं की मला एकटीला सांगायचं हे पोरांनी ठरवायचं असा नियम मी नंतर केला, कारण लहान गावात वर्गातलं बोललेलं संध्याकाळपर्यंत वाडीत पोचतं, आणि हे तुम्ही पण लक्षात घ्यायला हवं, सगळ्यांसमोर चिमटा लावायला सांगता तेव्हा.

आम्ही शब्दांची एक वही पण केलीय. पोरं घरून विचारून आणतात. हुरहूर, चुटपुट, घालमेल, रुसवा, लळा, पोटात कालवणं, ऊर भरून येणं, काळजात धस्स होणं, जीव लागणं, जीव तुटणं, जीव थाऱ्यावर नसणं, नुसत्या जिवाचेच कितीतरी निघाले. प्रत्येक शब्दाखाली तो कधी म्हणतात ते लिहायचं, आणि लिहिताना दर वेळी कोणीतरी माणूस येतोच. रुसवा शब्दाखाली एका मुलीने लिहिलंय, 'आजी काकीवर रुसते तेव्हा चा घेत नाही, काकीने दोनदा विचारलं की घेते.' आता यात राग किती आणि माया किती ते सहा तोंडांतून कसं दाखवणार?

तर माझं मागणं एवढंच आहे. पुढचा चार्ट छापायच्या आधी दोन दिवस आमच्याकडे या, पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा याल तर बाबालोक पण घरी भेटतील. प्रश्न बदला, तुला काय वाटतंय च्या जोडीला घरात कोण कसं आहे, तुझं मन कोणापाशी आहे, असं विचारा. मालवणी समजणारं एक तरी माणूस बरोबर आणा. आणि पोराने आईचं सांगितलं तर आईचंच लिहून घ्या.

त्या मुलाचं सांगायचं राहिलं. बोट देवगड बंदरात आसऱ्याला गेली होती, तिसऱ्या दिवशी पहाटे घरी आली. त्या दिवशी तो शाळेत उशिरा आला, दप्तर पण खाली ठेवलं नाही, सरळ माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "बाईनू, आये जेवली." आणि जागेवर जाऊन बसला. त्याचा चिमटा अजून त्या सुतळीलाच आहे, मी काढलेला नाही. फॉर्मची एक प्रत माझ्या कपाटात आहे, त्या रकान्यात काय लिहायला हवं होतं ते मी तुम्हाला वर सांगितलंय, तुमच्याकडच्या प्रतीत तेवढं दुरुस्त करा.

तुमची,
किनाऱ्यावरच्या शाळेतली एक बाई
तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग